मूस क्रमांक सतरा

उगाळावा तितका काळाच, म्हणतात.
म्हणणाऱ्याने तो नुसता उगाळला.
आठशे पंधरा अंशांवर तासभर ठेवला असता
तर दिसलं असतं त्याला
तळाशी उरतं ते फिकट, विटकरीकडे झुकलेलं,
इतकं हलकं
की मी श्वास धरते
आणि मगच तराजूचं काचेचं दार लोटते.

महापे, एमआयडीसी, आमची पत्र्याची शेड.
डावीकडे औषधांचा कारखाना, उजवीकडे बिस्किटांचा.
चारच्या सुमारास वारा फिरला
की व्हॅनिला आणि गंधक एकदमच येतात नाकात.
फाटकावर पाटी: केंद्र शासनाच्या अनुदानातून.
पाटीवरचा 'अनु' उन्हाने खाल्ला,
दान उरलंय,
तिसरा हप्ता अजून यायचाय.

मढवीमामा मुशी धुतात, नंबर लावून उपड्या घालतात.
घणसोलीला त्यांचं मिठागर होतं, आता तिथे टॉवर.
'आमचा आजा मीठ मापाचा,' म्हणतात,
'तुमी राख मापताव.'
आणि सतरा नंबरची मूस जपून ठेवतात,
तिला केसाएवढी चीर आहे
पण वजनाला ती खोटं बोलत नाही.

शुक्रवारी फीडर बंद.
भट्टी सातशेवरून उतरत जाते,
मुशीत अडकतं काहीतरी
ना धड कोळसा, ना धड राख.
कमी कोळशात जास्त वीज कशी, हे शोधायला
आधी वीज लागते,
आणि ती येते कुठून, हे आम्ही
चहाच्या वेळी बोलत नाही.

चार वर्षं.
खालून हवा सोडायची, वाळू उकळू लागते दुधासारखी,
तिच्यात भुकटी पेरायची, चुनखडी घालायची,
धुरातलं गंधक आतल्या आत बांधायचं.
शून्य पूर्णांक चार टक्के.
आकडा पक्का झाला त्या संध्याकाळी
नाफडे सरांनी सगळ्यांना वडे दिले
आणि वड्याच्या कागदावरच हिशोब मांडला:
मोठ्या संचावर, रोज, सव्वा वॅगन कमी.
तेलाचा डाग पसरत गेला, सव्वाचा स पुसला,
सर म्हणाले, तरीही.

कोळसा वणीहून येतो, सुतळीने शिवलेल्या पोत्यांत.
आत वहीचं पान, पेन्सिलीचं अक्षर:
'वॅगन सहावी, मधला थर. ओला आहे, वाळवून घ्या. मारोती टेकाम.'
आठव्या पोत्यात एक ओळ जास्त:
'एवढा नेता मॅडम, यातून निघते काय, एकदा कळवाल का जी?'

अहवाल दिल्लीला गेला, दोनशे बारा पानं, तीन प्रती.
त्यात टेकाम नाहीत.
त्यात 'नमुन्याचा स्रोत' आहे.
म्हणून रिकामी पोती परत जाताना
मी एका पोत्यात चिठ्ठी टाकली:
मारोतीभाऊ, शंभरात एकेचाळीस भाग राख.
सही केली, हुद्दा लिहिला, खोडला.

उत्तर पुढच्या ट्रकने आलं.
'राख आम्ही मोजतोच जी.
बायको वाळवण घालते तेव्हा मोजतो,
सकाळी खाटेवरून उठलो की आपला आकार मोजतो.
एकेचाळीस बरोबर आहे.
बाकीचे एकोणसाठ कुठे गेले, तेवढे सांगा.'

आता रात्रीचे साडेनऊ.
बिस्किटांची दुसरी पाळी लागली आहे.
समोर नवी इमारत, खिडकी एकही नाही,
आत यंत्रांच्या रांगा, म्हणतात,
कुणाकुणाचे फोटो, कुणाकुणाचे हिशोब सांभाळतात
आणि थंड राहण्यासाठी रात्रभर घुमतात.
तिच्या कुंपणावरचे दिवे इतके लख्ख
की आमच्या शेडमध्ये ट्यूब लावावी लागत नाही.

त्याच उजेडात मी कागद ओढते.
मारोतीभाऊ, लिहिते,
आणि पेन तसंच धरून बसते.
सतरा नंबरची मूस अजून कोमट आहे.
कोमट मूस तराजूवर ठेवायची नसते,
आकडा हलतो.